बिनपाऱ्याचं गाव

देवयानी पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हा मी आधी तिचं नाक बघितलं. मग कानाच्या पाळ्या. दयारामचं नाक शेंड्याशी जरा बसकं होतं आणि कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या. हिचं तसं काही नव्हतं. तेव्हा कुठे मी तिला खुर्चीवर बस म्हटलं.

नवऱ्याचं नाव मी संसारात कधी घेतलं नाही, ‘अहो’वर भागवलं. पण लिहिताना ‘हे’ आणि ‘ते’ केलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून दयाराम लिहिते. ते रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते. मी रेल्वेच्याच प्राथमिक शाळेत मास्तरीण. दोघंही भंडाऱ्याकडचे. लग्न होऊन मी सहासष्ट साली रायपूरला आले ती आजतागायत इथेच आहे. दयारामला जाऊन चौतीस वर्षं झाली.

देवयानी मूळची पुण्याची. नव्या रायपूरच्या एका संस्थेत शिकवते, समता कॉलोनीत भाड्याने राहते. तिच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत आमच्या विहाराचे जुने हस्तलिखित अंक. ते मी लगेच ओळखले.

“हे तुला कुणी दिले?”

“विहाराच्या समितीनं. ट्रंकेत होते, आजी. झेरॉक्स काढून परत करणार आहे. अक्षर तुमचंच ना? काय सुरेख आहे!”

अक्षर माझंच होतं. त्या काळी आमच्या वस्तीत छापखान्याची ऐपत कुणाची नव्हती, म्हणून दर एप्रिलला जयंतीसाठी एकच अंक हाताने लिहून काढायचो. लोक कविता, लेख आणून देत, मी रूळ मारलेल्या कागदावर उतरवून घेई. चौदा तारखेच्या संध्याकाळी तो विहारात मोठ्याने वाचला जाई आणि मग वर्षभर घराघरांतून फिरे. त्यात अडुसष्ट ते शहात्तर अशी नऊ वर्षं दयारामची कादंबरी आली, दर वर्षी एक प्रकरण. नाव ‘बिनपाऱ्याचं गाव’.

आमच्याकडे छत्तीसगडात गावातल्या वस्तीला पारा म्हणतात. हा कुर्म्यांचा पारा, तो तेल्यांचा, नाल्यापलीकडचा कुणाचा ते सांगायला नको. दयारामच्या कादंबरीतल्या गावाला पारेच नव्हते. एक विहीर, एक तलाव, एक घाट. एक वाटसरू छोट्या लाईनीच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीने जातो, उतरून चालत जातो आणि त्या गावात पोहोचतो. तिथे त्याला कुणी काही विचारत नाही. राधा नावाची एक मुलगी त्याला पाणी देते, चुलीशेजारी पाट टाकते. विहारात हे वाचलं जायचं तेव्हा माणसं रडायची. कारखान्यातली दांडगी माणसं, गमछ्याने डोळे पुसायची.

मी नाही रडले. मी ते उतरवून घेत होते आणि माझ्या मनात एकच प्रश्न होता, ही राधा कोण?

कारण दयाराम दर वर्षी माघात चार दिवस जात. “यात्रेले जातो,” म्हणत. रेल्वेचा पास काढत, तोही एकट्याचा. पासावर बायकोचं नाव घालता येतं, पैसा पडत नाही, हे वस्तीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. शेजारच्या भीमाबाईने तर नळावर चारचौघींत विचारलं होतं, “काहून वं सत्या, तुहा नवरा एकटाच जाते यात्रेले? तुले काहून नाही नेत? तिथं कोनी ठेवली हाय का?” सगळ्या हसल्या. मीही हसले. बादली भरून घरी आले आणि दिवसभर भाकरी गिळली नाही.

परत आले की ते दोन आठवडे लिहीत बसत. आणि ते लिहिणं असं की तलावाच्या पायऱ्या एकोणीस, त्यातली सातवी फुटलेली. राधाच्या घराच्या उंबऱ्यावर उजवीकडे कुऱ्हाडीचा घाव. माणूस मनाने गाव रचतो तेव्हा सातवी पायरी फोडत बसतो का?

एकदा मी विचारलंच. “हे राधा कोन हाये?”

“अवं, कादंबरी हाये ते सत्या. कादंबरीत पोट्टी पाणी देते, म्हनून काय झालं?”

“मंग मले घेऊन चला ना यंदा.”

“कादंबरीत?” म्हणाले, आणि मोठ्याने हसले. हसताना मात्र माझ्याकडे बघत नव्हते.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. पहिल्या प्रकरणाच्या त्यांच्या कच्च्या कागदावर राधा पाण्याचा लोटा पुढे करते आणि वाटसरूला हाक मारते. ती हाक त्यांनी खोडली होती. साधी एक रेघ मारून नाही, इतक्या जोराने की कागद फाटला होता. वर लिहिलं होतं, ‘पाहुणे’. मी तो कागद कंदिलापुढे धरून पाहिला, उन्हात धरून पाहिला. शेवटी ‘ज’ आहे एवढंच कळत होतं. कितीतरी वर्षं मी त्या ‘ज’पुढे निजायच्या आधी शब्द जुळवत होते. राजा. साजण म्हणावं तर ‘ण’ दिसत नव्हता. काना फाटलेल्या भागात गेला असेल असं धरलं, तर राजा हाच बसत होता.

सत्याहत्तरच्या माघात ते दोनच दिवसांत परत आले. पिशवी नव्हती. गाडीत चोरीला गेली म्हणाले. त्यानंतर कधी यात्रेला गेले नाहीत आणि कादंबरीही पुढे लिहिली नाही. मला वाटलं, तिकडे काहीतरी तुटलं. बरं झालं, असंही वाटलं. पण विचारून ठेवायला हवं होतं. माणूस गेल्यावर संशय कमी होत नाही, उलट त्याला उत्तर द्यायला कुणी उरत नाही.

तर आता देवयानी माझ्यासमोर बसून सांगत होती, “आजी, हरवलेल्या स्वर्गाच्या शोधाच्या कादंबऱ्या जगभर आहेत. त्यात ती जागा नेहमी डोंगरांपलीकडे असते, धुक्यात असते, एकदा बाहेर पडलं की परत सापडत नाही. मी त्याच्यावरच काम करते. पण तुमच्या यजमानांचं वेगळंच आहे. त्यांनी अंतर लिहिलंय. स्टेशनपासून तीन कोस, मावळतीकडे. मी नकाशा काढून बघितला आणि…” ती थांबली. “मला वाटतं हे गाव खरं आहे.”

मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

“मग?”

“मी तिथे जाणार आहे. परवा, शनिवारी. एकदा यावर तुमच्याशी बोलावं म्हणून आले.”

मला तिचा हेतू काही समजेना. चांगली शिकलेली, चारचाकीतून फिरणारी मुलगी, रेल्वेच्या फिटरच्या कादंबरीमागे कशाला लागेल? तिला आधीच काही कळलंय का? समितीतल्या कुणी सांगितलं असेल का, की म्हातारीला विचारा, दयारामचं बाहेर काही होतं? पण ती एकटी गेली आणि राधा तिला भेटली, तर जे कळायचं ते आधी तिला कळेल, मग छापून येईल आणि मग मला. हे मला चालणार नव्हतं.

“मी येते,” म्हटलं.

नात पायल आतून ओरडली, “आजी, सव्वाशे किलोमीटर आना-जाना है! घुटने का क्या?”

“घुटना गाडीतच राहीन, तुले काय,” मी म्हटलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं हिंदीत देते.

शनिवारी सकाळी निघालो. देवयानीचा ड्रायव्हर लोकेश धमतरीकडचाच. छोटी लाईन आता उरली नाही. लोकेश म्हणाला, “मांजी, वो ट्रेन तो इतना धीरे चलती थी कि आदमी उतरके बेर तोड़के फिर चढ़ जाता था.” मला ते माहीत होतं. दयारामच्या दुसऱ्या प्रकरणात वाटसरू नेमकं तेच करतो. देवयानी हसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. मी खिडकीबाहेर बघत होते. शेतांत धान कापून झालं होतं आणि मी मनात मोजत होते, राधा तेव्हा वीस वर्षांची असेल तर आता सत्त्याहत्तरची. माझ्याएवढीच. तिच्या घरात एखादा मुलगा असेल, पंचावन्नचा. त्याचं नाक मी बघणार होते.

जुन्या स्टेशनाच्या पडक्या खोलीपासून गाडी मावळतीकडे वळली. नऊ-दहा किलोमीटरवर कोहकाझर नावाचं गाव लागलं. डाव्या हाताला तलाव. देवयानीने गाडी थांबवायला लावली, धावत गेली आणि पायऱ्या मोजून परत आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“एकोणीस, आजी! आणि सातवी—”

“फुटलेली,” मी म्हटलं.

ती एवढी खुश झाली की तिने माझा हात धरला. तिला मात्र एक गोष्ट दिसली नव्हती, ती मी गाडीतूनच पाहिली होती. त्या घाटापासून शंभरेक पावलांवर, बाभळींच्या आडोशाला, तलावाला दुसरा एक घाट होता. पायऱ्या नसलेला, नुसता चिखलाचा उतार. तिथे दोन बायका कपडे धूत होत्या. त्यांच्यामागे नाला आणि नाल्यापलीकडे वेगळी वस्ती.

म्हणजे गावाला पारा होता. दयारामच्या नऊ प्रकरणांत तो नव्हता.

चौकात एक किराणा दुकान होतं. दुकानाबाहेरच्या बाकावर एक म्हातारा ऊन खात बसला होता, हिरालाल नावाचा. देवयानीने तिच्या हिंदीत विचारलं, आम्ही रायपूरहून आलोय, खूप वर्षांपूर्वी इथे एक मराठी माणूस यायचा.

“आप मन मराठी अव?” हिरालालने विचारलं.

“हो. हां, मराठी,” देवयानी म्हणाली.

तो काठी बाजूला ठेवून उठला. आधी देवयानीपुढे वाकला, मग माझ्यापुढे. “पाँय परत हँव महराजिन. बइठव.”

देवयानीला ती गावाकडची अदब वाटली. ती हसून “नमस्ते” म्हणाली. मी मात्र अठ्ठावन्न वर्षं छत्तीसगडात काढली आहेत. इकडे महाराज कुणाला म्हणतात आणि महाराजीन कुणाला, हे मला ठाऊक आहे. ब्राह्मणाला. दुसऱ्या कुणाला नाही.

“हमन ला महराजिन काबर कहत हस, बाबा?” मी विचारलं. आम्हाला महाराजीन का म्हणतोस?

“मराठी अव न.” तो असा बोलला की जणू सूर्य कुठून उगवतो ते मी विचारलंय. मग त्याने समजावून सांगितलं. जुन्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, दिवाण मराठी होता, ब्राह्मण. त्याच्या आधीचाही. या गावाने तीन पिढ्या मराठी माणूस पाहिला तो जानवं घातलेलाच. “मराठी माने महराज. अउ दयाराम महराज त देवता रिहिस! राधा दीदी घर उतरय.” दयाराम महाराज तर देव होता, राधाच्या घरी उतरायचा.

देवयानी चपापून माझ्याकडे बघू लागली. तिला अंक पाठ होते, आडनावं ठाऊक होती, विहार पाहिलं होतं. तिला कळायला वेळ लागला नाही. मला तर आणखी एक गोष्ट कळली होती. फाटलेल्या कागदावरचा तो ‘ज’ राजाचा नव्हता, महाराजचा होता.

राधाचं घर चौकामागे होतं. उंबऱ्यावर उजवीकडे कुऱ्हाडीचा घाव होता. राधा परछीत, म्हणजे ओसरीवर, लाखोळीची भाजी निवडत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि पन्नास वर्षांचा हिशेब तिथेच कोसळला. बाई पासष्टीच्या वर नव्हती. अडुसष्ट साली आठ वर्षांची पोर.

मी एका आठ वर्षांच्या पोरीवर जळत आले होते. खरंतर मला त्या क्षणी हलकं वाटायला हवं होतं.

सून पाणी घेऊन आली, तीन स्टीलचे ग्लास. आम्ही दोघी आणि मागून आलेला लोकेश प्यायलो. हिरालालने ओरडून सांगितलं की ह्या दयाराम महाराजांची चौकशी करत आल्यात. राधाच्या हातातली भाजी सुपात पडली.

“दयाराम महराज!” ती म्हणाली आणि बोलायलाच लागली. देवयानीने फोन मधे ठेवला होता, त्याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. मी तिचं बोलणं इथे माझ्या भाषेत देते.

तिच्या बापाला ते मेळ्यात भेटले होते. मेळ्यात पाऊस आला, तिच्या बापाने त्यांना घरी आणलं. वाटेत विचारलं, मराठी अव? ते म्हणाले, हव. “बस, अतके,” राधा म्हणाली. एवढंच. पुढे कुणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरात महाराज आले म्हणून तिच्या आईने चूल सारवली. त्यांना आत, चुलीशेजारी पाट टाकला. ते म्हणाले, मला वेगळं काही नको, तुम्ही जे खाल ते खाईन. गाव थक्क झालं. असा महाराज कुणी पाहिला नव्हता. पोरांना अक्षरं शिकवायचा, विहिरीवर स्वतः पाणी ओढायचा, विहिरीपाशी तर तासन् तास बसून राहायचा. नुसता दोर सोडायचा आणि ओढायचा.

“पानी नइ चाही तभो ले,” राधा हसून म्हणाली. पाणी नको असलं तरी.

देवयानीने खाली मान घातली. मीही राधाकडे बघू शकले नाही. मला भंडाऱ्याची विहीर आठवत होती, जिच्याजवळ दयारामच्या आईने दुपारभर कुणीतरी आपल्या घड्यात वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघितली होती. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी.

“मग येणं का बंद झालं?” देवयानीने विचारलं.

राधाचा चेहरा बदलला. तिचं लग्न होतं, सत्याहत्तरच्या माघात. एकुलती एक मुलगी म्हणून नवरा घरजावई येणार होता. मुहूर्ताच्या सकाळी शेजारच्या गावचा पंडित तापाने फणफणला. बाप म्हणाला, घरात महाराज असताना काळजी कसली? दयारामना सांगितलं, तुम्हीच लग्न लावा, आधी गौरी-गणेश पुजा. ते पाटावरून उठले. मग म्हणाले, तरिया म नहा के आवत हँव. तलावावर आंघोळ करून येतो. खांद्यावर गमछा टाकून गेले.

“अउ नइ आइस.” परत आलेच नाहीत.

त्यांची पिशवी खुंटीला तशीच होती. तलावाच्या पायरीवर गमछा सापडला. गावाने तलावात जाळं टाकलं. “तीन दिन. मोर बिहाव के मड़वा अइसने सुक्खा खड़े रिहिस.” तिच्या लग्नाचा मांडव तसाच उभा होता आणि बाप गळ्यापर्यंतच्या पाण्यात उतरून प्रेत शोधत होता. त्याला वाटत होतं, आपण घाई केली म्हणून ब्रह्महत्या लागली. तो पुढे कधी त्या घाटावर उतरला नाही.

आणि दयाराम त्या दिवशी रायपूरला माझ्यासमोर जेवायला बसून, पिशवी चोरीला गेली, असं सांगत होते.

ते का पळाले ते मला कळत होतं. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेताना केलेल्या बावीस प्रतिज्ञा ते दर पौर्णिमेला विहारात मोठ्याने म्हणत. गौरी-गणपतीला मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही. नऊ वर्षं ते एका ‘हव’वर जगले, पण पूजा करायला त्यांचा हात उठला नसता. तेवढं त्यांच्यात शिल्लक होतं. पण एक चिठ्ठी? एक कार्ड?

देवयानीला काय वाटलं कोण जाणे. कदाचित मी रडेन म्हणून असेल, ती माझ्या पाठीवर हात ठेवून राधाला म्हणाली, “ये उनकी पत्नी हैं.”

राधाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हळूच, पण ठामपणे म्हणाली, “नो हे.”

नाही.

“महराजिन त गुजर गे रिहिस. मोर दाई ले खुद कहे रिहिस.” महाराजांची बायको तर वारली होती. त्यांनी स्वतः तिच्या आईला सांगितलं होतं. आई सारखी विचारायची, महाराजीनला का आणत नाही? तेव्हा दुसऱ्या वर्षी ते म्हणाले, ती नाही आता.

अडुसष्ट-एकोणसत्तर साली मी जिवंत होते. पहाटे उठून त्यांचा डबा करत होते, शाळेत जात होते, रात्री त्यांचं प्रकरण सुबक अक्षरात उतरवत होते. राधा पाणी देते हे वाक्य मी लिहिलंय. ज्या घरात मला मारून टाकलं, त्या घराच्या चुलीचं वर्णन मी माझ्या हाताने लिहिलंय. आणि त्यांना मला मारावंच लागलं असणार. मी आले असते तर आम्ही दोघं पहिल्याच दिवशी पकडले गेलो असतो. मला महाराजीनसारखं वागता आलं नसतं, आणि मी वागलेही नसते. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

राधा आता माझ्याकडे तसंच बघत होती, जसं मी देवयानीच्या नाकाकडे बघितलं होतं. ही कोण? हिला काय पाहिजे? घर, जमीन, काय मागायला आली?

“मैं उनकीच घरवाली हूँ,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच शाळेतला वाटला. “अउ सुन, राधा. हमन महराज नो हन. हमन महार. अब बौद्ध. ओ घलो.” आम्ही ब्राह्मण नाही. तेही नव्हते.

हिरालाल उठून उभा राहिला. सून दारात थबकली. राधाने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “झूठ.”

तेव्हा मी ठरवू शकले असते. झूठ तर झूठ, असं म्हणून उठले असते तर त्यांचा देवता त्यांच्यापाशी राहिला असता आणि मी मेलेली राहिले असते. मेलेपणी मला काही त्रास नव्हता, पंचावन्न-छप्पन वर्षं नव्हता. पण देवयानीच्या फोनमध्ये मी कालच तिला दिलेला एक फोटो होता. एकोणनव्वद सालच्या जयंतीचा. विहारासमोर आम्ही दोघं, मागे निळा झेंडा, दयारामच्या पांढऱ्या सदऱ्याला बिल्ला. देवयानी माझ्याकडे बघत होती. तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं.

“दाखव तिले,” मी म्हटलं.

राधाने फोन दोन्ही हातांनी धरला. सुनेने येऊन बोटांनी फोटो मोठा करून दिला. राधा आधी चेहऱ्याकडे बघत राहिली, मग झेंड्याकडे, मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे, मग परत चेहऱ्याकडे.

“ए कब के आय?”

“नवासी का,” देवयानी म्हणाली.

राधा बोटांवर मोजू लागली. जातीचं ती काही बोललीच नाही. “जियत रिहिस,” ती म्हणाली. “बारा बछर बाद घलो जियत रिहिस.” बारा वर्षांनंतरही जिवंत होता. आणि तिचा आवाज चढला. “मोर बाबू पानी म उतरे रिहिस! माघ के पानी म! ओला खोखी धर लिस, दू बछर म मर गे. अउ ए इहाँ फोटू खिंचवात हे!” माघाच्या पाण्याने तिच्या बापाला खोकला धरला होता, दोन वर्षांत तो गेला.

त्या माणसाची बाजू घेणं माझं काम नव्हतं. माझ्यापाशी बाजूही नव्हती.

सून ग्लास उचलायला आली. राधा तिला हळूच काहीतरी बोलली. देवयानीचा ग्लास आत गेला, लोकेशचा आत गेला. माझा पायरीवर राहिला. देवयानीने ते पाहिलं आणि माझा ग्लास उचलायला हात पुढे केला. मी तिचा हात दाबला. त्या ग्लासाकडे मी बघितलं आणि मला वाटलं, हेच ते गाव. दयारामला हे दिसू नये म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला. मला ते घटकाभरात दिसलं.

राधाने फोन परत दिला. देताना पुन्हा एकदा त्यात बघितलं. “कतका दुबरा गे रिहिस,” ती म्हणाली. किती वाळला होता. “कोन राँधत रिहिस?” कोण रांधत होतं?

“मी,” मी म्हटलं. “मेंच.”

तिने मान हलवली. आम्ही उठलो. लोकेशने गाडी दारासमोर आणली. माझा गुडघा आखडला होता, देवयानी मला धरून चालवत होती, तेवढ्यात राधा मागून उंबऱ्यापर्यंत आली. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं हे कळत नव्हतं.

“दाई ह पितर म तोर नाव के बरा निकालय,” ती म्हणाली. “ओकर बाद मैं. तोर अलग, ओकर अलग.”

पितृपक्षात, माझ्या नावाचा उडदाचा वडा. आधी तिच्या आईने, मग तिने. एकोणसत्तर सालापासून, दर वर्षी, तरोईच्या, म्हणजे दोडक्याच्या, पानावर. त्यांचा सत्याहत्तरपासून. मी रायपुरात बसून या घराला शिव्या देत होते आणि या घराने मला पंचावन्न-छप्पन वर्षं जेवू घातलं होतं, मेलेली समजून.

“अब का करँव?” राधाने विचारलं. तिच्या बोलण्यात राग होता, आणि खरी अडचणही होती. जिवंत बाईच्या नावाचं पितर काढलं तर पाप लागेल, ही तिची भीती होती.

आमच्याकडे पितर नसतं. श्राद्ध करणार नाही, हीसुद्धा त्या बावीसांतलीच एक प्रतिज्ञा. दयाराम ती सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे. मी गाडीचं दार धरून उभी राहिले. विचार करायला मला वेळ लागला नाही.

“मोर बंद कर दे,” मी म्हटलं. “ओकर चलन दे. खान दे ओला.”

राधा माझ्याकडे बघत राहिली. मी थट्टा करते आहे, शाप देते आहे, की खरंच सांगते आहे, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. तिला ते सापडलं नसावं. मलाही नक्की सांगता आलं नसतं.

“देखबो,” ती म्हणाली आणि आत गेली.